झाकण मिटलं की कोरं

दिग्रस,
१३ नोव्हेंबर २०२४

अश्वजित,

वर 'जय भीम' लिहिलेलं नाही. विसरले नाही. लिहायला घेतलं, आणि हात पुढे गेला नाही.

फोन करत नाही, कारण आई त्याच खोलीत असते. फेब्रुवारीत नागपूरला डॉक्टरांनी तिची स्वरपेटी काढली. कान काढलेले नाहीत. हे आपण दोघंही पुन्हा पुन्हा विसरतो. शिवाय फोनवर तू 'ताई, ऐक ना, ऐक ना' करत माझं वाक्य अर्ध्यावर तोडतोस. पत्राचं वाक्य तुला तोडता येणार नाही.

तू दिवाळीच्या सुट्टीत आलास, दोन दिवस नेटबुकपुढे बसलास, चार तारखेला सकाळच्या गाडीनं गेलास. तेव्हापासून आज नऊ दिवस आई बोललेली नाही. बोलणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. तुझ्या इंजिनियरिंगच्या दिवसांतला तो दहा इंची नेटबुक एप्रिलमध्ये कपाटातून काढून आपण तिच्या मांडीवर ठेवला. पांढरकवड्याला तहसील कार्यालयात एकतीस वर्षं टंकलेखक असलेली बाई. हाताला कंप सुटला, पेन धरवत नाही, डोळ्यांना मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. पण बोटं कळांवर ठेवली की खाडखाड सुरू. ओळ संपली की अजून तिचा डावा हात मशीनचा दांडा सरकवायला वर उचलला जातो. एकतीस वर्षं शासकीय मराठी टाइप केली, आणि आता घरात ती वऱ्हाडी टाइप करायची. 'भाजीत मीठ कमी हाय. मुद्दाम टाकलं नाही ना?' मला वाटायचं, आवाज गेला, पण आई कुठे गेली नाही.

जुनं विंडोज अडकत होतं, हे मान्य. तू लिनक्स टाकलंस, त्यालाही माझी हरकत नव्हती. पण जे टाकलंस ते कोणासाठी टाकलंस? चालू व्हायला चार मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून पाहिलं, तीनदा, म्हणजे अन्याय होऊ नये. खाली चित्रांची रांग, बोट नेलं की ती फुगते. खिडकी मिटली की ती चिंचोळी होऊन तळाशी ओतली जाते. आईला हे बघायला वेळ नाही; तिला पाणी मागायचं असतं. आणि काही विचारणारी चौकट आली की तिची बटणं पडद्याच्या खाली गेलेली. पडदा संपतो, चौकट संपत नाही. 'हो' म्हणायचं बटण जमिनीखाली.

आता ती स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवते. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे मी जवळ यावं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी येते तेव्हा ग्लासाच्या काठाला नवा पोचा दिसतो.

तुझ्या मोठ्या पडद्यावर जे छान दिसतं ते तू आईच्या मांडीवर ठेवून गेलास. तिला विचारलं होतंस का? जे होतं ते परत आण.

उर्वशी

*

पुणे,
१९ नोव्हेंबर २०२४

ताई,

सप्रेम जय भीम. चूक माझी ठरलेलीच आहे, निदान रीत तरी मी सोडत नाही.

जे होतं ते परत येणार नाही. ते मेलं होतं. शेवटच्या दिवसांत ते आईचं पान अर्ध्यात गोठवून ठेवायचं, आणि हे तूच मला फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं होतंस. पंधरा वर्षं जुना प्रोसेसर, दोन जीबी मेमरी. आजकालची बहुतेक लिनक्स इतक्या जुन्या यंत्रावर चढतच नाहीत. शोधून शोधून डेबियन नावाचं लिनक्स घेतलं. त्यावर डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, कोणता बसवायचा, हा प्रश्न होता. एक सगळ्या सोयींचा, पण जड. एक मधला. आणि एक अगदी हलका, ज्यात खाली एक राखाडी पट्टी आणि बाकी काही नाही.

हलका लावून पाहिला होता, ताई. पळत होता. पण दिसायला सरकारी कचेरीतल्या लोखंडी कपाटासारखा. मला वाटलं, आईनं एकतीस वर्षं त्या कपाटांमध्ये काढली. आता तिच्यापुढे काहीतरी सुंदर असू दे. व्हिडिओ कॉल लागावा, तिला माझ्या घरातली गॅलरी दिसावी. यात गुन्हा काय, ते तू ग्रंथपाल आहेस, वर्गवारी करून सांग. तिच्या टाइपरायटरची कळांची मांडणी मी अक्षर न अक्षर जुळवली, 'ळ' कुठे आणि 'ण' कुठे हे तिला शेजारी बसवून विचारलं. ते तुझ्या पत्रात नाही. तू माझ्या फक्त चुकांना तारखा घालतेस. लहानपणापासून तुझ्या डायरीत मी फक्त आरोपी म्हणून येतो.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. यात तो राखाडी, हलका डेस्कटॉप आहे. बसस्टँडजवळच्या बबलूभाऊंकडे ने, त्यांना दहा मिनिटांचं काम. बटणं पडद्यात बसतील, याची खात्री मी स्वतः करून घेतली आहे.

आणि एक. आई बोलत नाही म्हणून मला जाब विचारण्याआधी तू स्वतःला एक विचार. तिला महिनाभर पुण्याला यायचं आहे, हे तिनं चार तारखेला लिहिलं. ते तू मला का सांगितलं नाहीस?

अश्वजित

*

दिग्रस,
२७ नोव्हेंबर २०२४

अश्वजित,

आधी जे देणं लागते ते देते. बबलूभाऊंनी पेन ड्राइव्ह लावला. चाळीस सेकंदांत चालू होतं. बटणं दिसतात. कळांची मांडणी तू बरोबर केली होतीस, ती आधीच्या पत्रात लिहायला हवी होती. लिहिली नाही, कारण मी रागात होते. हे कारण पुरेसं नाही.

आता तुझं पत्र. शेवटच्या चार ओळी मी ग्रंथालयात उभ्यानं दोनदा वाचल्या. चार तारखेला सकाळी तू गेलास. आईनं ते वाक्य संध्याकाळी लिहिलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी ते कोणाला सांगितलं नाही. मग तुला कसं कळलं?

मी विचार करकरून थकले, आणि उत्तर बबलूभाऊंनी दिलं. ते पन्नाशीचे गृहस्थ आमच्या घरी येऊन, चहा घेत, जुनं पुसायच्या आधी फाइली बाजूला काढत होते. म्हणाले, "ताई, हे पाहा. हे फोल्डर आपोआप पुन्याले जाऊन राह्यलं."

"म्हणजे?"

"म्हंजे मावशी इकडं लिहिते अन् दोन मिनिटांत तिकडं भाऊ वाचते. मस्त सोय केली हो भावानं!"

आई समोर खाटेवर बसलेली होती. बबलूभाऊंच्या लक्षात आलं तसा त्यांनी आवाज खाली आणला. बोलता न येणाऱ्या माणसाला कमी ऐकू येत असावं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. आईनं माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघितलं नाही. गळ्यावरचा रुमाल सारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

तू आपल्या आईचं बोलणं चोरून ऐकत होतास. दाराला कान लावून उभं राहणाऱ्याला निदान उभं राहावं लागतं. तू खुर्चीत बसून ऐकलंस. ती मला म्हणून जे सांगत होती, शेजारच्या सुखीबाईबद्दल, स्वतःच्या शौचाबद्दल, बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल, ते सगळं पुण्याला. तिला विचारून? मला विचारून? मला लाज वाटते की मी त्या यंत्राच्या चित्रांवर आणि पट्टीवर भांडत बसले.

हो, पुण्याचं वाक्य मी दडवलं. ते मी नाकारत नाही. पण तो वेगळा गुन्हा आहे आणि त्याचा खटला वेगळा चालेल. आधी तुझा.

आणि ऐक. हलका डेस्कटॉप लागल्यावरही आई बोललेली नाही. नवं पान उघडून दिलं. तिनं दोन्ही हात कळांवर ठेवले, जागेवर, जशी ठेवते तशीच. मग उचलून घेतले आणि चमचा वाजवला. एकदा.

उर्वशी

*

पुणे,
३ डिसेंबर २०२४

ताई,

हो. वाचत होतो. रोज, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून. बघ, उभं राहावं लागतच होतं.

ते मी दिवाळीला नाही, एप्रिलमध्येच जोडलं होतं, जुन्या विंडोजवर; दिवाळीला नव्यावर तेच पुन्हा बसवलं. हेही कबूल करून टाकतो, नाहीतर बबलूभाऊ पुढच्या चहाला तेही शोधून काढतील. का जोडलं? मी फोन करतो, तू म्हणतेस, 'आई बरी आहे, जेवली.' मी विचारतो, काय म्हणाली? तू म्हणतेस, 'काही विशेष नाही.' आणि मी फाइल उघडतो तर तिनं दीड पान लिहिलेलं असतं! सुखीबाईला नावं ठेवलेली, तुझ्या पोळ्यांना नावं ठेवलेली, मला तर विचारूच नकोस. 'अश्वजित फोनवर कायले वरडते? मी मुकी झाली, बहिरी नाही झाली.' हे तू मला कधी सांगितलंस? मी सात महिने ओरडत राहिलो असतो. ते वाचून मी जिन्यात हसलो आणि मग तिथेच बसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा मला आई ऐकू आली होती. तू मला तिचा सारांश देतेस, ताई. मला सारांश नको होता.

तरी ते चूक होतं. तुझ्या भाषेत लिहायचं तर, कारण पुरेसं नाही. तिला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

आता तुझा खटला. तू म्हणतेस आई नऊ दिवस गप्प आहे, आता चार आठवडे होऊन गेले, आणि दोष माझ्या डेस्कटॉपचा. तुझं पत्र आल्यावर मी चार तारखेच्या नोंदी पुन्हा काढल्या. आईची शेवटची ओळ संध्याकाळी पाच चाळीसला आहे. 'पुन्याले जातो महिनाभर.' पाच पन्नासला एकवीस ऑक्टोबरची जुनी फाइल उघडली गेली. ती आईनं उघडलेली नाही. आईला जुनी फाइल उघडताच येत नाही, तिला फक्त नवं पान येतं. पाच बावन्नला झाकण बंद. त्यानंतर काहीही नाही. आजपर्यंत.

माझा जड डेस्कटॉप तोपर्यंत चालत होता. हळू, पण चालत होता. ताई, पाच पन्नासला काय झालं?

अश्वजित

*

दिग्रस,
११ डिसेंबर २०२४

अश्वजित,

चार दिवस हे पत्र लिहिते आहे. आधीचे तीन मसुदे फाडले, कारण प्रत्येकात मी थोडी कमी दोषी होते.

एकवीस ऑक्टोबरला आईनं लिहिलं होतं, 'मले पुन्याले जायाचं नाही. तिथं बंद दार अन् लिफ्ट. इथंच बरी हाव.' मला ते आवडलं होतं. का आवडलं, ते तुला कळेल. मी इथे आहे, तू तिथे आहेस, आणि तिनं इथलं निवडलं होतं. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. चार तारखेला तू गेल्यावर ती म्हणाली, पुण्याला जाते. मला वाटलं, दोन दिवस चित्रं फुगवून दाखवली आणि झालं! मी म्हणाले, "आई, तू आधी काय म्हणाली होतीस?" तिनं हात झटकला. मी म्हणाले, "थांब. दाखवते." नेटबुक माझ्याकडे वळवला, फाइल शोधली आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. तारखेसकट. "एकवीस ऑक्टोबर. मले पुन्याले जायाचं नाही. हे तुझंच आहे ना?" अगदी असं. जसं कोर्टात साक्षीदाराला विचारतात.

आईनं झाकण पाडलं. माझी बोटं मधे होती.

हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही. त्या वेळी मला खरंच वाटत होतं की यंत्र अडतं म्हणून ती बोलत नाही. खरंच वाटत होतं का? आता नक्की सांगता येत नाही. चार मिनिटं मोजताना मला बरं वाटत होतं, एवढं आठवतं.

आणखी आहे. माझी मोठी तपकिरी वही तुला माहीत आहे. एप्रिलपासून आई जे लिहायची ते मी रोज कॉलेजला जाण्याआधी त्या वहीत उतरवून घ्यायची. दिनांक, वार, जमलं तर वेळ. पहिल्यांदा आवाज गेला तेव्हा आपल्याकडे तिचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. दुसऱ्यांदा जाऊ नये, म्हणून. हेतू वाईट नव्हता. पण हेतू तुझाही वाईट नव्हता, आणि तुला मी चोर म्हटलं. तू चोरून घेत होतास, मी उजळ माथ्यानं. आईच्या बाजूनं पाहिलं तर फरक काय?

तरीही माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचा, माझ्यावरचा. ग्लासावर चमचा वाजला की तो पुन्हा वर येतो.

आज सकाळी मी पत्र पाकिटात घालणार, तेवढ्यात आई घरात नाही असं लक्षात आलं. गळ्याला रुमाल बांधून, चप्पल घालून गेलेली. सुखीबाईनं सांगितलं, "बसस्टँडकडं गेली. मी म्हनलं कुठं चालली, तर मलेच हातानं गप केलं!" तीन तास मी दिग्रसभर फिरले. जिनिंग मिलच्या रस्त्यानं, दवाखान्यात, बबलूभाऊंकडे. ती स्वतःच घरी आली. हातात लांब पाकीट. बसस्टँडमागच्या टायपिंग क्लासमध्ये एक जुनं मराठी मशीन अजून आहे, तिथे बसून आली होती. मधे कार्बन घालून दोन प्रती काढल्या. मूळ प्रत तिनं माझ्या हातात दिली. कार्बनची तुझी. सोबत पाठवते आहे.

उर्वशी

*

प्रेषक : श्रीमती पंचफुला धर्मपाल मनवर, सेवानिवृत्त टंकलेखक, मु. पो. दिग्रस
प्रति : १) उर्वशी, दिग्रस  २) अश्वजित, पुणे
दिनांक : ११.१२.२०२४
विषय : माझ्या वापरातील नेटबुक संगणकाच्या मांडणीबाबत.
संदर्भ : आपण दोघांनी एकमेकांस लिहिलेली पत्रे. (मला दाखवली नाहीत. अश्वजितची पत्रे व उर्वशीच्या पत्रांच्या कच्च्या प्रती उर्वशीच्या गादीखाली पाहिल्या.)

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर संगणकावर कोणती मांडणी असावी याबाबत आपणा दोघांत दीर्घकाळ वाद सुरू असून, सदर संगणक जिच्या मांडीवर असतो तिचे म्हणणे अद्याप घेण्यात आलेले नाही.

आता सरळ लिहितो.

जड पाह्यजे का हलकं पाह्यजे, यावर तुम्ही दोघं महिनाभर भांडून राह्यले. मले कोनं विचारलं? एकानं बी नाही. माह्या तोंडाला बोळा बसला म्हून डोक्याले बी बसला काय?

मी एकतीस वर्सं दुसऱ्याचं टाइप केलं. साहेबानं सांगितलं, मी टाइप केलं, फायलीत गेलं. त्यातला एक शब्द माहा नव्हता. तो जलमभर फायलीत राहो, मले काय! आता जे टाइप करतो ते माहं बोलनं हाय. बोललेलं राह्यते का कुठं? उर्वशी, तू जूनमंदी रागात मले म्हनली, तुह्यापाई मी इथं अडकली. मंग घंट्याभरानं चहा आनला. मी तुहं ते बोलनं तारीख घालून ठेवलं का? दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं का? अन् अश्वजित, तू फोनवर खोटं बोलते का दोन वेळा जेवतो म्हून, ते मी कोनाले पाठवलं का? तुमचं बोलनं वाऱ्यावर जाते. माहं मात्र इकडं हे उतरवते अन् तिकडं तो वाचते. माह्या बोलन्याचा तुम्ही सातबारा करून टाकला!

एकवीस तारखेले नाही म्हनलं. चार तारखेले हो म्हनलं. उद्या परत नाही म्हनीन. गळा होता तवा मी बदलत नव्हतो काय? तुमचा बाप रोज वैतागे. पन त्यानं कधी कागद दाखवला नाही.

करिता खालीलप्रमाणे कार्यवाही व्हावी.

एक. मशीन चालू केलं का कोरं पान यावं. चित्र नको, पट्टी नको. तारीख अन् वेळ तर बिलकूल नको. अक्षर मोठं.

दोन. झाकन पाडलं का सारं पुसून जावं. पुन्हा उघडलं तर कोरं. ज्याले वाचायचं त्यानं माह्यासमोर बसून, मी लिहीन तवाच वाचावं.

तीन. ओळ सरत आली का घंटी वाजावी. जुन्या मशीनले होती. त्या घंटीनं मले समजे का आपन काही करून राह्यलो. चमचा वाजवून ग्लास चेपला अन् मी भिकारीन झाली.

हे होत नसन तर मशीन बबलूले भंगारात द्यावं. मी रोज क्लासात जाऊन बोलत जाईन. तिथली बाई चांगली हाय, काही वाचत नाही.

हे पत्र मात्र जपून ठेवा. हे बोलनं नाही, हे पत्र हाय. फायलीले लावा.

(सही) पं. ध. मनवर

*

पुणे,
१७ डिसेंबर २०२४

ताई,

सप्रेम जय भीम.

आईचं पत्र आलं. दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सुट्टी काढली आणि तिनं सांगितलंय ते करायला बसलो.

सोबत दुसरा पेन ड्राइव्ह आहे. सगळं यातूनच चालू होतं आणि मेमरीत राहतं. आतल्या डिस्कला हातच लावत नाही. झाकण मिटलं की यंत्र बंद, आणि जे लिहिलं ते गेलं. परत आणायचं म्हटलं तर मलाही आणता येणार नाही. ते मुद्दाम तसं केलं आहे, माझ्यावर भरवसा ठेवायची वेळ कोणावर येऊ नये म्हणून. डेस्कटॉप नाहीच. पट्टी नाही, मेनू नाही. एक पांढरं पान, काळी मोठी अक्षरं. इंटरनेट नाही. उघडल्यावर पंचवीस सेकंद. कळा जशा होत्या तशाच.

घंटी जमवायला सगळ्यात वेळ गेला. ओळीत सात अक्षरं उरली की वाजते. जुन्या मशीनची सातवर वाजायची की आठवर, तिला विचार. मला हे अकरा वर्षांच्या नोकरीत कोणी विचारलेलं नाही, आणि मला ते ठाऊक असायला हवं होतं असं आता वाटतं.

माझ्याकडच्या तिच्या सगळ्या फाइली पुसल्या. पुसण्याआधी एकदा वाचल्या. हे तिला सांगू नकोस. किंवा सांग. एक-दोन वाक्यं पाठ झाली आहेत, ती पुसायची सोय माझ्यात नाही.

तुझ्यावर चिडलो होतो, अजूनही आहे. सारांश देऊ नकोस एवढंच.

अश्वजित

*

दिग्रस,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय अश्वजित,

सप्रेम जय भीम.

पेन ड्राइव्ह सोमवारी आला. बबलूभाऊंना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, याच्यात तर काहीच नाही! भावानं रिकामाच पाठवला का?" आई हसली. आवाज नसताना हसते तेव्हा तिचे खांदे हलतात, ते तू पाहिलेलं नाहीस.

घंटी आठवर वाजायला हवी. सातवर तिचा डावा हात उचलायला उशीर होतो. हे तिनं सांगितलेलं नाही, मी पाहिलं.

मंगळवारी आमचं भांडण झालं. सव्वा तास. सात आठवड्यांनी. मी बोलत होते आणि ती टाइप करत होती, आणि माझं वाक्य संपायच्या आत तिची घंटी वाजायची. काय लिहिलं ते इथे लिहायला माझा हात शिवशिवतो आहे. तपकिरी वहीच्या जागेवर तो आपोआप जातो. पण वही आता माझ्याकडे नाही. मंगळवारीच तिच्या हातात दिली होती, तिच्या सगळ्या पानांसकट. मला वाटलं, फाडेल. तिनं चाळलीही नाही. नेटबुकखाली ठेवली. तेवढ्यानं मनगटाला उंची बरोबर येते.

बघ, हेही सांगायला नको होतं. सवय जायला वेळ लागेल.

तिला पुण्याला यायचं आहे की नाही, ते तिनं आज सकाळी लिहिलं. मी समोर बसून वाचलं. मला राग आला, तो मी दाखवला, तिनं झाकण पाडलं. या वेळी माझी बोटं मधे नव्हती. तिनं काय लिहिलं ते मी तुला सांगणार नाही, फोनवरही नाही.

पुढच्या रविवारी ये. तिच्यासमोर खाटेवर बस आणि स्वतः विचार. चष्मा आठवणीनं आण, आणि भरभर वाच.

तुझी,
ताई